सिएटल मेट्रोपॉलिटन्स, १९१७ : स्टॅनली कप पहिल्यांदा कॅनडाबाहेर गेला तो हंगाम

हिमरेषा

आइस हॉकीतला सर्वांत मानाचा स्टॅनली कप अमेरिकेतल्या संघाने पहिल्यांदा जिंकला तो २६ मार्च १९१७ रोजी. जिंकणारा संघ न्यूयॉर्क, बोस्टन किंवा शिकागोचा नव्हता. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सिएटल शहरातला मेट्रोपॉलिटन्स हा संघ जेमतेम दुसरा हंगाम खेळत होता आणि आजची एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) तेव्हा अस्तित्वातही आली नव्हती. हॉकीच्या इतिहासात या विजयाची नोंद बहुधा 'पहिला अमेरिकन विजेता' एवढ्या एका ओळीत उरकली जाते. मला मात्र या विजयाचे मोल वेगळ्याच गोष्टीत दिसते. सिएटलने गतविजेत्या माँट्रियल कॅनेडियन्सना आपल्या नियमांनी तर हरवलेच, पण त्यांच्या नियमांनीही हरवले. त्या काळी पूर्वेची (माँट्रियल-टोरोंटोकडची) आणि पश्चिमेची (पॅसिफिक किनाऱ्यावरची) हॉकी हे जवळजवळ दोन वेगळे खेळ होते. त्यामुळे तो हंगाम जरा तपशिलाने मांडण्यासाठी हा धागा काढते आहे.

सुरुवात करावी लागते ती पॅट्रिक बंधूंपासून. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक हे दोघेही नावाजलेले खेळाडू होते. ब्रिटिश कोलंबियातला त्यांच्या कुटुंबाचा लाकडाचा धंदा १९११ मध्ये विकला गेला आणि तो पैसा घेऊन त्यांनी पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन ही व्यावसायिक लीग उभी केली. किनाऱ्यावरच्या सौम्य हिवाळ्यात नैसर्गिक बर्फ भरवशाचा नसतो, म्हणून त्यांनी व्हँकूव्हर आणि व्हिक्टोरियात कृत्रिम बर्फाची रिंक बांधली. व्हँकूव्हरच्या डेन्मन अरेनात तर दहा हजारांहून जास्त लोक बसू शकत. सिएटलचा संघ या लीगमध्ये १९१५ साली आला. शहराच्या मध्यवस्तीत मेट्रोपॉलिटन बिल्डिंग कंपनीने बर्फाचे सभागृह बांधले आणि संघालाही त्या कंपनीचेच नाव मिळाले. पीट मल्डून हा एकेकाळचा मुष्टियोद्धा आणि उत्तम स्केटर या संघाचा व्यवस्थापक आणि प्रशिक्षक झाला.

खेळाडू आले ते मुख्यतः टोरोंटोहून. पूर्वेची नॅशनल हॉकी असोसिएशन आणि पॅट्रिकांची लीग यांच्यातला, एकमेकांचे खेळाडू न घेण्याचा करार १९१५ मध्ये मोडला आणि पॅट्रिकांनी टोरोंटो ब्लूशर्ट्सचा कणाच उचलून आणला. गोलरक्षक हॅप होम्स, फ्रँक फॉयस्टन, जॅक वॉकर, कली विल्सन आणि बचावपटू एड कार्पेंटर असे पाच जण सिएटलला आले. त्यांना व्हिक्टोरियाकडून आलेले बॉबी रो आणि बर्नी मॉरिस जोडले गेले. रॉय रिकी हाही बचावात होता, आणि १९१६ च्या हिवाळ्यात जिम रायली आला. हा रायली पुढे बेसबॉलच्या मेजर लीगमध्येही खेळला. मेजर लीग बेसबॉल आणि एनएचएल या दोन्हींत खेळलेला तो एकमेव खेळाडू आहे.

१९१६-१७ च्या हंगामात लीगमध्ये चार संघ होते : सिएटल, व्हँकूव्हर, पोर्टलंड आणि स्पोकेन. स्पोकेनचा संघ म्हणजे व्हिक्टोरियाचाच संघ होता. महायुद्धामुळे कॅनडाच्या लष्कराने व्हिक्टोरियाचे रिंक ताब्यात घेतल्याने लेस्टर पॅट्रिकला तो तिकडे हलवावा लागला होता. सिएटलने २४ पैकी १६ सामने जिंकले, व्हँकूव्हरने १४ जिंकले, आणि दोघांमधले अंतर शेवटपर्यंत फार वाढले नाही. प्लेऑफची पद्धत तेव्हा या लीगमध्ये आलेली नव्हती. गुणतक्त्यात पहिला येईल तो संघ विजेता, इतका साधा हिशेब होता. मॉरिसने ३७ गोल केले. व्हँकूव्हरच्या गॉर्डन रॉबर्ट्सचे ४३ झाले होते, तरी गोल आणि गोलसाहाय्य मिळून मॉरिस पुढे राहिला. सहकाऱ्याला गोल करू देणाऱ्या पासची नोंद ठेवायची पद्धतही पॅट्रिकांच्याच लीगने रुजवली होती. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू मात्र फॉयस्टन ठरला.

तिकडे पूर्वेत कॅनेडियन्सनी ऑटावाला दोन सामन्यांच्या एकूण गोलांवर ७-६ असे निसटते हरवले आणि खंड ओलांडणारा रेल्वेचा प्रवास करून ते सिएटलला आले. पाचपैकी तीन सामने जिंकेल तो विजेता, अशी मालिका होती आणि सगळे सामने सिएटलमध्येच होणार होते. पहिला आणि तिसरा सामना पश्चिमेच्या (एका बाजूला सात खेळाडूंच्या) नियमांनी, दुसरा आणि चौथा पूर्वेच्या (सहा खेळाडूंच्या) नियमांनी, असे ठरले होते. १७ मार्चला पहिला सामना कॅनेडियन्सनी ८-४ असा सहज जिंकला. त्यात दिदिए पित्र याचे चार गोल होते. म्हणजे पश्चिमेचा संघ स्वतःच्या रिंकवर आणि स्वतःच्या नियमांनी खेळून हरला होता आणि पुढचा सामना परक्या नियमांनी व्हायचा होता. २० मार्चला त्याच परक्या नियमांनी सिएटलने ६-१ असा विजय मिळवला. २३ मार्चला ४-१. २६ मार्चचा चौथा सामना ९-१ असा संपला आणि त्यातले सहा गोल एकट्या मॉरिसने केले. समोर गोलमध्ये जॉर्ज वेझिना होता, त्या काळातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक. चार सामन्यांत सिएटलचे एकूण २३ गोल झाले, त्यांपैकी १४ मॉरिसचे.

या हंगामाबद्दल ज्यांना माहिती आहे किंवा प्रश्न आहेत, त्यांनी अवश्य लिहावे.

नेमका_प्रश्न

धागा आवडला. क्रिकेट आणि मैदानी हॉकीपलीकडे माझी ओळख नसल्यामुळे एक गोष्ट समजून घ्यायची आहे. पूर्वेचे आणि पश्चिमेचे नियम इतके वेगळे होते असे तुम्ही म्हणता, तर मैदानावर, म्हणजे बर्फावर, नेमका काय फरक दिसत असे? एक खेळाडू जास्त किंवा कमी एवढ्याने खेळ बदलतो का?

हिमरेषा

फरक दोन होते आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा होता.

पहिला फरक खेळाडूंच्या संख्येचा. पूर्वेच्या लीगने १९११-१२ पासून एका बाजूला सहा खेळाडू केले : गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. पश्चिमेत सातवा खेळाडू कायम राहिला, त्याला रोव्हर म्हणत. तो बचाव आणि आघाडी यांच्यामध्ये उभा राही आणि त्याला ठरावीक जागा नसे. सिएटलकडे ही जागा जॅक वॉकर सांभाळत असे. वॉकरचे नाव आजही घेतले जाते ते त्याच्या 'हुक चेक'साठी. प्रतिस्पर्धी पक (आइस हॉकीतली रबराची चपटी चकती) घेऊन येत असताना वॉकर गुडघ्यात खोल वाकून स्टिक बर्फावर जवळजवळ आडवी टाकत असे आणि तिच्या वळणदार पात्याने पक आपल्याकडे ओढून घेत असे. त्याला धक्का मारायची गरज पडत नसे. धडका देऊन पक मिळवण्याच्या त्या काळात, अंगाने लहान असलेल्या या खेळाडूची अशी पद्धत प्रतिस्पर्ध्यांना फार त्रासदायक ठरे, कारण तिच्यावर ताकदीचा उपाय चालत नसे.

दुसरा फरक पासचा. पूर्वेत पक पुढच्या दिशेने पास करायला अजिबात परवानगी नव्हती. आपल्या रेषेत किंवा मागे असलेल्या सहकाऱ्यालाच पक देता येई, त्यामुळे वैयक्तिक घोडदौडीला फार महत्त्व होते. एक ताकदवान स्केटर पक घेऊन सुसाट निघे आणि बाकीचे त्याच्या मागे राहत. पॅट्रिक बंधूंनी बर्फावर दोन निळ्या रेषा आखून रिंकचे तीन भाग केले आणि मधल्या भागात पुढे पास द्यायला मोकळीक दिली. त्यामुळे खेळाचा वेग वाढला आणि शिटी वाजून खेळ थांबण्याचे प्रमाण घटले. आज जी हॉकी आपण पाहतो ती याच वाटेने आलेली आहे. गोलरक्षकाने पक अडवण्यासाठी बर्फावर झोकून द्यावे की नाही, हा वादही पॅट्रिकांनीच आधी मिटवला आणि त्याला तशी मुभा दिली.

म्हणूनच दुसऱ्या आणि चौथ्या सामन्याला मी इतके महत्त्व देते. रोव्हर नाही, पुढचा पास नाही, म्हणजे ज्या दोन गोष्टींवर सिएटलचा खेळ उभा होता त्या दोन्ही काढून घेतल्यावर त्यांनी १५-२ अशा फरकाने दोन सामने जिंकले.

उत्तरायण

गेली बरीच वर्षे टोरोंटोत राहत असल्यामुळे इथल्या लोकांचे म्हणणे मांडणे मला भाग आहे. ज्या पाच जणांची नावे धाग्यात आहेत त्यांतले होम्स, फॉयस्टन, वॉकर आणि विल्सन हे चौघे १९१४ मध्ये टोरोंटोसाठी स्टॅनली कप जिंकलेले खेळाडू होते. म्हणजे टोरोंटोचा विजेता संघ पैशाच्या जोरावर पश्चिमेला नेला गेला, तिथे त्याला नवा गणवेश दिला गेला आणि त्याच्या विजयाला अमेरिकन विजय म्हटले गेले. जवळजवळ सगळे खेळाडू कॅनडात हॉकी शिकलेले होते, प्रशिक्षक मल्डूनही ओंटारिओचा होता आणि लीगचे मालक कॅनडाचे होते. 'पहिला अमेरिकन विजेता' हे वर्णन भूगोलाच्या दृष्टीने बरोबर असेल, पण खेळाच्या दृष्टीने ते मला पटत नाही.

आणखी एक. या पळवापळवीमुळे टोरोंटोचा संघ खिळखिळा झाला आणि त्याचे मालक एडी लिव्हिंग्स्टन यांचे इतर मालकांशी आधीच असलेले भांडण वाढत गेले. पुढे १९१७ च्या नोव्हेंबरात त्या मालकांनी लिव्हिंग्स्टन यांना बाहेर ठेवण्यासाठीच जुनी लीग बाजूला सारून एनएचएल स्थापन केली. सिएटलच्या विजयाची ही दुसरी बाजूही धाग्यात यायला हवी.

हिमरेषा

उत्तरायण, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि लिव्हिंग्स्टन यांचा उल्लेख केल्याबद्दल आभार. खेळाडू कॅनडाचे होते यात वाद नाही. तेव्हा अमेरिकेत व्यावसायिक दर्जाचे खेळाडू फारसे तयार होत नव्हते. १९१६ मध्ये स्टॅनली कपसाठी खेळलेला पहिला अमेरिकन संघ, पोर्टलंड रोझबड्स, हाही असाच कॅनडातल्या खेळाडूंचा होता. तो माँट्रियलमध्ये याच कॅनेडियन्सकडून ३-२ असा हरला.

पण 'टोरोंटोचाच संघ' म्हणणे मला मान्य नाही. मॉरिस टोरोंटोचा नव्हता. तो मॅनिटोबातल्या ब्रँडनचा, आणि सिएटलला आला व्हिक्टोरियाहून. निर्णायक मालिकेतल्या २३ पैकी १४ गोल त्याचे आहेत. बॉबी रो कधीच टोरोंटोच्या त्या विजेत्या संघात नव्हता. शिवाय टोरोंटोच्या खेळाडूंना पश्चिमेत येऊन सात जणांचा आणि पुढच्या पासचा खेळ आत्मसात करावा लागला. पहिल्या हंगामात सिएटल विजेता नव्हता, पोर्टलंड होता. तेच खेळाडू दुसऱ्या हंगामात पहिले आले, याचे श्रेय मल्डूनला द्यायलाच हवे. तेव्हा त्याचे वय तिशीच्या आतले होते आणि स्टॅनली कप जिंकणारा सर्वांत तरुण प्रशिक्षक म्हणून त्याची नोंद आहे.

पाचवा_रस्ता

मी सिएटल परिसरात राहतो आणि कामानिमित्त शहराच्या मध्यभागी नेहमी जाणे होते, म्हणून त्या जागेबद्दल थोडे लिहितो. सिएटल आइस अरेना पाचवा अव्हेन्यू आणि युनिव्हर्सिटी स्ट्रीटच्या जागी होते. ती सगळी जमीन वॉशिंग्टन विद्यापीठाची. विद्यापीठाचे मूळ आवार तिथेच होते, आणि विद्यापीठ दुसरीकडे गेल्यावर मेट्रोपॉलिटन बिल्डिंग कंपनीने ती दीर्घ भाडेपट्ट्याने घेऊन तिथे इमारती उठवल्या. १९२४ मध्ये हॉकी बंद झाली. शेजारी उभ्या राहिलेल्या ऑलिंपिक हॉटेलला गाड्या ठेवायला जागा हवी होती, म्हणून अरेनाचे गॅरेज केले गेले, आणि १९६० च्या दशकात ते पाडून तिथे आयबीएम बिल्डिंग बांधली गेली. मिनोरू यामासाकी या वास्तुरचनाकाराची ती इमारत आजही तिथे आहे. ज्या जागी वेझिनाच्या मागच्या जाळ्यात एका रात्री नऊ वेळा पक गेला, तिथून रोज हजारो माणसे कामाला जातात आणि त्यांतल्या फारच थोड्यांना हे ठाऊक असते, याची मला खंत वाटते.

गणवेशाचेही सांगायला हवे. लाल, हिरवे आणि पांढरे आडवे पट्टे असलेली लोकरी जर्सी होती आणि छातीवर मोठे 'एस' अक्षर. त्या अक्षराच्या वळणातच सिएटल हे पूर्ण नाव लिहिलेले असे. २०२१ पासून शहरात क्रॅकन हा एनएचएलचा संघ आल्यावर या जुन्या जर्सीच्या प्रतिकृती पुन्हा दिसू लागल्या आहेत.

साक्षेपी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, पण एक शंका राहते. १९१७ मध्ये कॅनडा महायुद्धात पूर्ण गुंतलेला होता, कितीतरी खेळाडू सैन्यात गेले होते. त्यात कॅनेडियन्स इतका लांबचा प्रवास करून आले आणि सगळे सामने प्रतिस्पर्ध्याच्या घरी खेळले. अशा स्थितीत ९-१ हा निकाल गुणवत्तेचा मानावा की परिस्थितीचा?

उत्तरायण

माझे सिएटलशी वैर असले तरी या बाबतीत मी त्यांच्या बाजूने बोलेन. प्रवासाच्या थकव्याचा परिणाम पहिल्या सामन्यात सर्वांत जास्त दिसायला हवा होता, आणि नेमका तोच सामना कॅनेडियन्सनी चार गोलांच्या फरकाने जिंकला. युद्धाची झळ पूर्वेच्या लीगला जास्त लागली हे खरे. त्या हंगामात तिथे २२८ व्या बटालियनचा, म्हणजे प्रत्यक्ष सैनिकांचा, संघ खेळत होता आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये बटालियनला समुद्रापार जाण्याचा हुकूम आल्यावर तो संघ हंगाम अर्धवट सोडून गेला. पण कॅनेडियन्सचा स्वतःचा संघ भक्कम होता. न्यूझी लालोंद, पित्र, जॅक लाव्हियोलेट, वेझिना हे सगळे त्यात होते, आणि आदल्या वर्षी पोर्टलंडला हरवून कपही त्यांनीच जिंकला होता. शिवाय यजमान लीग दरवर्षी आलटून पालटून ठरत असे, त्यामुळे १९१६ मध्ये हाच फायदा माँट्रियलला मिळाला होता.

हिमरेषा

उत्तरायण यांनी माझे काम केले. युद्धाबद्दल एवढीच भर घालते की मालिका संपल्यानंतर ११ दिवसांनी, ६ एप्रिलला, अमेरिकाही युद्धात उतरली, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत या संघात मॉरिसने मोजली. १९१९ मध्ये सिएटल पुन्हा अंतिम मालिकेत पोचला, पुन्हा समोर कॅनेडियन्सच होते, आणि मालिका सुरू होण्याच्या बेतात असताना मॉरिसला लष्करी भरती टाळल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याला दोन वर्षांची शिक्षा होऊन अल्काट्राझच्या लष्करी तुरुंगात पाठवले गेले. १९२० मध्ये त्याची सुटका झाली आणि लष्कराकडून सन्मानपूर्वक मुक्तताही मिळाली.

त्याच्याविना खेळली गेलेली १९१९ ची मालिका पूर्णच झाली नाही. पाच सामन्यांनंतर दोन्ही संघांचे दोन-दोन विजय झाले होते आणि चौथा सामना जादा वेळेनंतरही ०-० असा बरोबरीत सुटला होता. निर्णायक सामन्याच्या आधी कॅनेडियन्सचे बरेच खेळाडू इन्फ्लुएन्झाने अंथरुणाला खिळले. नियमाने कप सिएटलला मिळू शकत होता, पण आजारी प्रतिस्पर्ध्याकडून तो घ्यायला मल्डूनने नकार दिला. जो हॉल हा कॅनेडियन्सचा बचावपटू ५ एप्रिलला सिएटलमध्येच वारला. कपावर त्या वर्षासाठी दोन्ही संघांची नावे आणि मालिका अपूर्ण राहिल्याची नोंद आहे. संघाने केलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असे मला कोणी विचारले, तर १९१७ च्या २३ गोलांइतकाच मल्डूनचा हा नकार मला महत्त्वाचा वाटतो.

नेमका_प्रश्न

मग मॉरिसचे पुढे काय झाले? आणि इतके गोल करणाऱ्या खेळाडूला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले असेलच ना?

हिमरेषा

नाही, आणि हा मला अन्याय वाटतो. फॉयस्टन, वॉकर आणि होम्स हे तिघेही हॉकी हॉल ऑफ फेममध्ये आहेत आणि त्यांची पात्रता निर्विवाद आहे. मॉरिस नाही. मालिकेतले १४ गोल आणि कपच्या शेवटच्या सामन्यातले सहा, एवढी कामगिरी कोणत्याही काळात पुरेशी ठरली असती. तो मुख्यतः पश्चिमेतच खेळत राहिला, पूर्वेच्या वर्तमानपत्रांनी त्याला क्वचितच पाहिले, आणि १९१९ च्या शिक्षेने त्याच्या नावाला जो बट्टा लागला तो नंतरच्या मुक्ततेनेही पुसला गेला नाही, असे माझे मत आहे.

पाचवा_रस्ता

मूळ विषयाकडे परत येऊन एक विचारतो. पॅट्रिकांची लीग पुढे बंद पडली, मग त्या खेळाडूंचे आणि त्या पद्धतीच्या हॉकीचे काय झाले?

हिमरेषा

सिएटल १९२० मध्ये ऑटावाकडून ३-२ असा हरला आणि १९२४ मध्ये संघ विसर्जित झाला. होम्स, फॉयस्टन आणि वॉकर लेस्टर पॅट्रिकच्या व्हिक्टोरिया कूगर्सकडे गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी पुन्हा माँट्रियल कॅनेडियन्सनाच, पुन्हा वेझिना गोलमध्ये असताना, हरवून कप जिंकला. एनएचएलबाहेरच्या संघाने स्टॅनली कप जिंकण्याची ती शेवटची वेळ. होम्सने तर १९१८ चा कपही टोरोंटोकडून जिंकला होता, म्हणजे चार वेगवेगळ्या संघांकडून चार कप. १९२६ मध्ये पश्चिमेची लीग मोडली आणि तिथले खेळाडू एनएचएलच्या नव्या अमेरिकन संघांना विकले गेले. व्हिक्टोरियाचे बरेच खेळाडू डेट्रॉइटला गेले, त्यांत हे तिघेही होते, पोर्टलंडचे शिकागोला. शिकागोच्या त्या पहिल्या संघाचा पहिला प्रशिक्षक पीट मल्डून होता. निळ्या रेषा आणि मधल्या भागातला पुढचा पास एनएचएलने १९१८ मध्येच स्वीकारला होता. रोव्हर मात्र पश्चिमेनेही १९२२ मध्ये सोडून दिला.